उलट्या थरांचा ग्रंथ

( १ )

शास्त्रीय ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक विचारतील. आणि ज्या ग्रंथाविषयीं आज लिहावयाचें आहे तो तर एका सरकारी खात्यानें प्रसिद्ध केलेला, सहा अधिकाऱ्यांनीं मिळून लिहिलेला, ६६८ पृष्ठांचा आणि पानोपानीं खडकांच्या वर्णनानें भरलेला. ‘वायव्य स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाची भूस्तररचना’ असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. ग्रेट ब्रिटनच्या भूस्तरसंशोधन खात्यानें तो १९०७ सालीं बाहेर काढला. बेन पीच, जॉन हॉर्न, विल्यम गन, चार्ल्स क्लफ, लायोनेल हिंक्समन आणि जेथ्रो टील हे त्याचे लेखक; सर आर्चिबाल्ड गीकी हे संपादक. भूस्तरशास्त्राच्या अभ्यासकांत हा ग्रंथ आजही आदरानें उल्लेखिला जातो. इतर सुशिक्षित वाचकांच्या हातीं तो सहसा पडत नाहीं.

अशा ग्रंथाला काव्यनाटकांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हट्ट नाहीं. परंतु उत्तम ग्रंथाची एक साधी कसोटी अशी आहे कीं, तो वाचण्यापूर्वीं जग जसें दिसत होतें तसेंच तें वाचून झाल्यावर दिसूं नये. ह्या कसोटीला हा नीरस दिसणारा ग्रंथ पुरेपूर उतरतो. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. ह्या ग्रंथाच्या पोटांत एका मोठ्या चुकीची कबुली आहे. आणि ती चूक दुसऱ्या कोणाची नसून ज्या खात्यानें ग्रंथ काढला त्या खात्याच्याच धुरीणांची आहे. चूक कबूल करावी कशी, ती करतांना काय सांगावें आणि काय गाळावें, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचें ऋण एवढ्यानें फिटतें काय, हे प्रश्न केवळ शास्त्राचे नव्हेत. ते लेखनाचे आहेत आणि नीतीचेही आहेत. म्हणून ते ह्या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

( २ )

प्रथम ती भूमि पाहूं. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील एरिबोलच्या खाडीपासून दक्षिणेस स्काय बेटापर्यंत सुमारें १२० मैल लांबीचा एक अरुंद पट्टा आहे. ह्या पट्ट्याच्या पश्चिमेस उभें राहिलें असतां पायाखालीं जो करडा, पट्टेदार, गांठाळलेला कातळ लागतो त्यास लूइस बेटावरून नांव मिळालें आहे. हा नाइस जातीचा खडक होय. तो मुळांत बहुतांशीं ग्रॅनाइटासारखा अग्निजन्य. पुढें भूगर्भांत खोलवर उष्णता आणि दाब ह्यांच्या योगानें रूपांतर पावलेला. त्याचा अतिप्राचीन भाग सुमारें ३०० कोटि वर्षांपूर्वींचा आहे. त्याला भेदून वर आलेल्या काळ्या लाव्ह्याच्या भिंती जागोजाग दिसतात. ह्या नाइसाच्या झिजलेल्या पाठीवर टॉरिडनचा तांबूस वालुकाश्म जवळजवळ आडवा बसला आहे. सुइलव्हेन नांवाचा ७३१ मीटर उंचीचा एकाकी डोंगर त्याचाच. नाइसाच्या उघड्या माळावर कोणी घडीव देवालय आणून ठेवावें तसा तो दुरून दिसतो. त्यावर शुभ्र क्वार्टझाइट येतो. पुरातन समुद्रतळाशीं राहणाऱ्या किड्यांनीं वाळूंत केलेलीं उभीं बिळें त्यांत नळ्यांच्या रूपानें अजून शिल्लक आहेत. त्यावर तपकिरी रंगाचा पातळ मातकट थर, आणि सर्वांच्या वर डर्नेसची चुनखडी. क्वार्टझाइटापासून चुनखडीपर्यंतचे हे थर ढोबळ मानानें पन्नास कोटि वर्षांपूर्वींचे होत.

येथपर्यंत कोणताही घोटाळा नाहीं. घोटाळा पूर्वेकडे आहे. नॉकनच्या कड्यापाशीं चुनखडीच्या माथ्यावर अभ्रकानें चकाकणारा, पापुद्र्यापापुद्र्यांचा काळसर शिस्ट पसरलेला आहे. त्याला मॉइनचा शिस्ट म्हणतात. पूर्वेकडील सारा डोंगराळ मुलूख मुख्यतः अशाच रूपांतरित खडकांचा आहे. कड्याशीं उभ्या राहिलेल्या माणसाला एका नजरेंत खालीं चुनखडी आणि वर शिस्ट दिसतो. आणि दोन्हींचा उतार एकाच दिशेला, मंद आणि सुसंगत असतो.

खालचा थर वडील, वरचा धाकटा, हा भूस्तरशास्त्राचा पहिला धडा. आपणां दख्खनच्या लोकांस तो शिकवावा लागत नाहीं. सह्याद्रीचा कोणताही घाट चढतांना लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात, आणि जो खालीं तो आधींचा हें पोरालाही उमजतें. तोच धडा नॉकनला लाविला तर शिस्ट हा चुनखडीहून धाकटा ठरतो. वस्तुतः त्या शिस्टाची मूळ वाळू आणि चिखल सुमारें नव्वद ते शंभर कोटि वर्षांपूर्वींचे आहेत. म्हणजे नॉकनला आजा नातवाच्या खांद्यावर बसला आहे. तो तेथें चढला कसा, हें ह्या ग्रंथाचें कथानक आहे.

( ३ )

कथानकाचा आरंभ १८५४ मध्यें होतो. चार्ल्स पीच नांवाच्या एका हौशी संशोधकास डर्नेसच्या चुनखडींत जीवाश्म सांपडले. प्राचीन मानलेल्या ह्या मुलखांत कालमापनाचें साधन हातीं आलें असें पाहून पुढच्याच वर्षीं सर रॉडरिक मर्चिसन आणि ॲबर्डीनचे अध्यापक जेम्स निकोल हे दोघे मिळून तेथें गेले. दोघे एकाच वाटेनें फिरले, तेच कडे त्यांनीं पाहिले आणि निरनिराळीं मतें घेऊन ते परतले.

मर्चिसन हा काय दर्जाचा मनुष्य होता हें सांगितल्यावांचून पुढची गोष्ट समजणार नाहीं. तरुणपणीं लष्करांत लढलेला, पुढें भूस्तरशास्त्रांत ‘सिल्यूरियन’ ह्या कालखंडाची स्थापना केलेला, आणि १८५५ पासून सरकारी भूस्तरसंशोधन खात्याचा मुख्य. ‘सिल्यूरियाचा राजा’ असें त्यास लोक म्हणत, आणि राजाप्रमाणेंच आपल्या राज्याच्या सीमा वाढविण्याची त्याला आवड होती. त्याचें म्हणणें सरळ होतें: चुनखडी सिल्यूरियन काळाची, शिस्ट तिच्यावर व्यवस्थित बसलेला, म्हणून शिस्ट हा सिल्यूरियन किंवा त्याहून अर्वाचीन गाळ असून तोच पुढें रूपांतर पावला. हें मत मान्य झालें म्हणजे स्कॉटलंडचा बराचसा डोंगराळ प्रदेश नकाशावर सिल्यूरियन रंगानें रंगणार होता.

निकोलला हें पटेना. शिस्ट आणि त्याखालचे थर ह्यांची सीमारेषा त्यानें ठिकठिकाणीं तपासली. कोठें शिस्टाखालीं चुनखडी, कोठें क्वार्टझाइट, कोठें आणखी कांहीं. सुसंगत रचलेल्या थरांत असें व्हावयाचें कारण नव्हतें. शिस्ट मूळच्या जागीं नसून भूकवच तडकून, सरकून तो वर आला असावा, असें त्यानें ठरविलें. १८५९ मध्यें ॲबर्डीन येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत हा मतभेद चारचौघांपुढें आला, आणि १८६१ पर्यंत निकोलनें आपली बाजू सविस्तर छापली. परंतु तोंवर मर्चिसननें आर्चिबाल्ड गीकी ह्या तरुण, हुषार आणि उत्तम लेखणीच्या सहकाऱ्यास बरोबर घेऊन मुलूख पुन्हां हिंडून पाहिला होता; आणि दोघांच्या नांवानें मर्चिसनचेंच मत पुढें आलें. पाठ्यपुस्तकांनीं तें घेतलें. वाद संपला असें सर्वांनीं धरलें. १८७१ मध्यें मर्चिसन वारला, १८७९ मध्यें निकोल वारला. एक मान्यतेच्या शिखरावर असतां गेला, दुसरा अमान्य राहून.

येथें निकोलच्या बाजूनेंही अतिशयोक्ति होऊं नये. त्याचें मत सर्वस्वी बरोबर नव्हतें. तडा उभा किंवा फार तिरपा असला पाहिजे असें तो मानीत असे. जवळजवळ आडव्या प्रतलावरून डोंगरचे डोंगर मैलोगणती सरकूं शकतात ही कल्पना त्याच्या काळीं कोणाच्याच स्वप्नांत नव्हती. सीमारेषेवरचे कांहीं खडक त्यानें अग्निजन्य म्हणून समजावून सांगितले, तेंही पुढें टिकलें नाहीं. परंतु ‘येथें क्रम मोडलेला आहे’ हें त्यानें पाहिलें. आणि जें खरें पाहिलें तें अधिकारी पुरुषाच्या तोंडावर सांगितलें.

कोडें सोडविलें तें चार्ल्स लॅपवर्थनें. हा मूळचा गॅलाशील्स येथील शाळामास्तर. दक्षिण स्कॉटलंडच्या दुमडलेल्या थरांचा उलगडा सूक्ष्म जीवाश्मांवरून करून त्यानें नांव मिळविलें होतें. १८८२ आणि १८८३ ह्या दोन उन्हाळ्यांत एरिबोलच्या खाडीकांठीं त्यानें मोठ्या प्रमाणाचा नकाशा हातीं घेऊन एकेक पातळ थर पावलापावलानें मांडला. बांधणी नसलेल्या पोथीचीं पानें वाऱ्यानें उडालीं आणि कोणी तीं भलत्याच क्रमानें गोळा केलीं, तर पानांवरच्या आंकड्यांवरून लबाडी उघडकीस येते. त्याचप्रमाणें नळ्यांचा क्वार्टझाइट, तपकिरी थर, चुनखडी हा क्रम त्याला एकाच उतारावर पुन्हां पुन्हां आढळूं लागला. पानें एकच होतीं, पण रेट्यानें तुटून, एकमेकांवर चढून, माशाच्या खवल्यांप्रमाणें रचलीं गेलीं होतीं. आल्प्स पर्वतांतील दुमडींविषयीं स्विस पंडित हाइम ह्यानें केलेलें विवेचन लॅपवर्थच्या उपयोगीं पडलें. शिस्टाच्या तळाशीं जो बारीक पट्ट्यांचा खडक सांपडतो तो सरकतांना दळला गेलेला आहे हें ओळखून त्यानें १८८५ मध्यें त्याला, जात्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, मायलोनाइट असें नांव दिलें. ह्या श्रमांत त्याची प्रकृति ढांसळली. अंथरुणावर पडला असतां तो प्रचंड रेटा आपल्या अंगावरून घरघरत जात आहे असा त्याला भास होई, अशी आठवण सांगितली जाते.

( ४ )

त्याच १८८३ सालीं गीकीनें, जो आतां संबंध खात्याचा मुख्य झाला होता, पीच आणि हॉर्न ह्यांस त्या मुलखांत पाठविलें. ह्यांतला पीच म्हणजे ज्यानें डर्नेसचे जीवाश्म शोधिले त्या चार्ल्स पीचचाच मुलगा. बापानें जो वाद नकळत सुरू केला तो मुलानें मिटविला. पूर्वींच्या छापील मतांचा पूर्वग्रह टाकून प्रत्यक्ष जें दिसेल तेंच नकाशावर मांडा, अशी आज्ञा गीकीनें ह्या दोघांना दिली होती. त्यांनीं तें अक्षरशः पाळलें. आणि १८८४ मध्यें गीकी जेव्हां स्वतः तपासावयास गेला तेव्हां आपल्या गुरूचें आणि आपलें मत टिकत नाहीं असें त्यास दिसून आलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत ‘नेचर’ पत्रांत त्यानें तें जाहीर केलें. ह्याच पाहणीचें पूर्ण फळ म्हणजे १९०७ चा प्रस्तुत ग्रंथ. काम सुरू झाल्यापासून ग्रंथ हातीं येईपर्यंत चोवीस वर्षें गेलीं.

ह्या ग्रंथाचा पहिला गुण त्याचा संथपणा. एका कड्यावरून सिद्धान्ताकडे उडी मारण्याचा मोह येथें कोठेंही नाहीं. मर्चिसनची चूक डोळ्यांची नव्हती. त्यानें पाहिलेला उतार खरा होता, वर शिस्ट आणि खालीं चुनखडी हेंही खरें होतें. त्याची चूक घाईची होती. दहा ठिकाणीं सारखें दिसलें म्हणून अकराव्या ठिकाणीं तो थांबला नाहीं. पीच-हॉर्न प्रभृति प्रत्येक ओढ्याला थांबतात. एरिबोलपासून स्कायपर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे एकेक भाग घेऊन ते थरांची जाडी, उतार, तुटक्या जागा आणि पुनरावृत्ति नोंदवितात. हें वाचतांना वाचकाचा जीव मेटाकुटीस येतो हें खरें. परंतु दोनशें पानांनंतर त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपणांस कोणी पटवीत नाहीं, आपणच पाहूं लागलों आहों. उत्तम वकिलाच्या भाषणापेक्षां हा परिणाम वेगळा आहे आणि अधिक टिकाऊ आहे.

दुसरा गुण असा कीं, पुरावा कितपत पोंचतो आणि तर्क कोठें सुरू होतो ह्याची रेघ लेखकांनीं पुसूं दिली नाहीं. मॉइनचा शिस्ट किमान दहा मैल पश्चिमेकडे सरकला असें ते सांगतात. ‘किमान’ हा शब्द येथें शोभेचा नाहीं. मूळ धारेपासून तुटून पश्चिमेस शिल्लक राहिलेल्या शिस्टाच्या तुकड्याचें अंतर तेवढें भरतें, म्हणून तेवढेंच लिहिलें. पुढील संशोधकांनीं एकूण सरकणें ह्याच्या कितीतरी पट धरलें आहे. तरीही जुना आंकडा खोटा पडला नाहीं, कारण त्यानें आपल्या ऐपतीपेक्षां अधिक बोलण्याचें नाकारलें होतें. तसेंच शिस्टाच्या मूळ वयाविषयीं. पीचच्या मतें तो टॉरिडनच्या वालुकाश्माचेंच रूपांतर, हॉर्नला तें मान्य नव्हतें. जन्मभर एकत्र काम केलेल्या ह्या दोन मित्रांनीं एकमताचें खोटें सोंग आणलें नाहीं. प्रश्न उघडा ठेविला.

तिसरा गुण टीलच्या भागाशीं निगडित आहे, आणि रूपांतरित खडकांविषयीं ज्यांस कुतूहल आहे त्यांनीं तो अवश्य पाहावा. स्कूरी येथील नाइसांत घुसलेली एक काळी भिंत टीलनें १८८५ मध्येंच सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली होती. एकाच भिंतीचा एक भाग साधा अग्निजन्य डोलेराइट, आणि जेथें ती चिरडली गेली तेथें हॉर्नब्लेंडाचा पापुद्रेदार शिस्ट. मधल्या पायऱ्याही स्पष्ट. पापुद्रे दिसले कीं मूळचा गाळ, ही समजूत त्या एका भिंतीनें मोडली. खडकाचें आजचें रूप म्हणजे त्याचें कुळ नव्हे. लूइसच्या नाइसाचें वर्णन हाच विवेक धरून केलेलें आहे; मुळांत अग्निजन्य कोणता आणि गाळाचा कोणता ह्याची निवड तेथें शक्य तितकी केलेली आढळते.

ह्या गुणांस जोड मिळाली ती नकाशे आणि छेदचित्रें ह्यांची. पीचचा हात चित्रकाराचा होता. लेखनाची शिस्त मुख्यतः हॉर्नची. ॲसिंट भागाचीं छेदचित्रें पाहतांना एकाखालीं एक दडपलेले थर, त्यांतील खवले आणि त्या सर्वांवर सपाट पसरलेला मॉइनचा रेटा डोळ्यांपुढें उभा राहतो. शब्दांना जें पांच पानें लागतात तें रेषेनें एका वितींत सांगितलें आहे.

आतां दोष. पहिला दोष म्हणजे ग्रंथास कळस नाहीं. एवढ्या उलथापालथीला ढकलणारी शक्ति कोणती, हा प्रश्न वाचकाच्या मनांत अखेरपर्यंत घोळत राहतो आणि ग्रंथ मिटतांना तो तसाच राहतो. ह्याच खात्यांतील हेन्री कॅडेल ह्यानें १८८७ च्या सुमारास वाळू आणि मातीचे थर पेटींत घालून, एका बाजूनें दाबून, हुबेहुब तसेच खवले निर्माण केले होते. त्यावरून रेटा कसा काम करतो हें कळलें, पण तो आला कोठून हें नाहीं. हें लेखकांचें अज्ञान त्या काळाचें अज्ञान होतें. खंडें सरकतात, मधला महासागर मिटतो, आणि दोन्ही कांठ एकमेकांवर आदळून सुमारें ४३ कोटि वर्षांपूर्वीं हा पर्वत उभा राहिला, हें आज कळलेलें उत्तर त्यांस ठाऊक असणें शक्य नव्हतें. तेव्हां ह्या दोषाबद्दल त्यांस बोल लावतां येत नाहीं. उलट, उत्तर नसतांना एखादें आकर्षक उत्तर रचण्याचें त्यांनीं टाळलें हें त्यांच्या पदरीं पुण्यच जमा होतें.

( ५ )

दुसरा दोष मात्र अधिक खोल आहे, आणि त्यासाठींच हा लेख लिहिण्याची प्रवृत्ति झाली. ग्रंथांत पूर्वसंशोधनाचा इतिहास दिला आहे. त्यांत मर्चिसन आहे, निकोल आहे, लॅपवर्थ आहे. कोणी काय म्हटलें हें क्रमानें आलें आहे. खात्याच्या ग्रंथांत खात्याच्या माजी मुख्याचें मत चुकीचें म्हणून नोंदविलें जावें, आणि संपादक ह्या नात्यानें त्या चुकीच्या भागीदाराचेंच नांव वर असावें, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे संस्थांचे इतिहास कसे लिहिले जातात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें मोल सांगावयास नको. आमच्या संस्थांच्या अहवालांत चुका होत नसतात; फार तर ‘अडचणी’ येतात.

तथापि ही कबुली खडकांपुरती आहे. थर चुकीचे वाचले गेले, हें सांगितलें. पण जो बरोबर वाचीत होता त्याचा आवाज वीस वर्षें कां पोंचला नाहीं, ह्याचा शोध घेणें हें त्या प्रकरणानें आपलें काम मानलें नाहीं. एक प्रांतिक विद्यापीठांतला अध्यापक आणि एक सरकारी खात्याचा सर्वाधिकारी ह्यांच्या वादांत पुराव्याचीं पारडीं समान नव्हतीं. मर्चिसनच्या हाताखालीं तरुणांच्या नेमणुका होत्या. गीकीचा उदयही त्याच छायेंत झाला, आणि १८७५ मध्यें त्यानें आपल्या गुरूचें दोन खंडांचें चरित्र लिहिलें. ह्यांत कोणी कपट केलें असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. कपट असतें तर गोष्ट सोपी होती. सर्वांनीं प्रामाणिकपणें पाहिलें. पण थोर मनुष्याबरोबर पाहणाऱ्याला थोर मनुष्य जें पाहतो तेंच दिसतें, आणि एकट्यानें पाहणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची कोणास गरज भासत नाहीं.

ही उणीव भरून काढणारा ग्रंथ ८३ वर्षांनीं आला. डेव्हिड ओल्डरॉइड ह्यांनीं १९९० मध्यें ‘हायलंड्सचा वाद’ ह्या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ शिकागो विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. संशोधकांच्या टिपणवह्या, पत्रें आणि नकाशे चाळून त्यांनीं ह्या प्रकरणांतील माणसें पुन्हां उभीं केलीं. दर्जा, मैत्री, नेमणुका आणि मानापमान ह्यांचें वजन ज्ञानाच्या व्यवहारांत किती असतें हें त्यांत उत्तम दिसतें. दोन्ही ग्रंथ शेजारीं ठेवून वाचावे असें आम्ही सुचवितों. कारण एकटा ओल्डरॉइड वाचणाऱ्यास असें वाटण्याचा धोका आहे कीं शेवटीं सारी भानगड माणसांचीच. जो प्रबळ त्याचें मत म्हणजे सत्य. तसें नाहीं. मर्चिसन सर्वांत प्रबळ होता आणि तरीही हरला. तो मेल्यावर हरला, उशिरा हरला, पण नॉकनच्या कड्यानें त्याची भीड धरली नाहीं. पीच-हॉर्नांचा ग्रंथ हें सत्य सांगतो. तो विलंब कोणाला किती महाग पडला हें ओल्डरॉइडचा ग्रंथ सांगतो. एकाशिवाय दुसरा अपुरा आहे.

मग निकोलचें ऋण फिटलें काय? आमचें उत्तर असें: शब्दांनीं फिटलें नाहीं, पद्धतीनें कांहीं अंशीं फिटलें. निकोलनें जें मागितलें होतें तें स्तुति नव्हे. सीमारेषा ठिकठिकाणीं जाऊन तपासा, एवढेंच त्याचें मागणें होतें. त्या सहा जणांनीं तेंच केलें, आणि प्रत्येक तपासणी नकाशांत अशी मांडली कीं उद्यां कोणी सामान्य मनुष्य तो नकाशा घेऊन त्या ओढ्यांत उतरला तर त्यास खात्याला खोटें पाडतां यावें. अधिकारानें बोलणाऱ्या संस्थेनें स्वतःला खोटें पाडण्याचें साधन वाचकाच्या हातीं द्यावें, ह्याहून मोठें प्रायश्चित्त आम्हांस सुचत नाहीं. परंतु ज्याला हें हवें होतें तो पाहावयास उरला नव्हता, ही गोष्ट कोणत्याही नकाशानें भरून येत नाहीं. आणि ग्रंथानें ती एका वाक्यानें तरी बोलून दाखवावयास हवी होती.

( ६ )

हें सारें दूरदेशींचें पुराण आहे असें वाचकांनीं समजूं नये. नागपुराहून जबलपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, रामटेकच्या पलीकडे, देवलापार नांवाचें गांव लागतें. तेथें दख्खनचा काळा लाव्हा नाहीं. संगमरवर, शिस्ट आणि नाइस ह्यांचा अतिप्राचीन, रूपांतरित मुलूख आहे. भारतीय भूस्तरसंशोधन खात्याचे डब्ल्यू. डी. वेस्ट ह्यांनीं १९३६ मध्यें असें दाखविलें कीं, येथेंही खडकांचा एक प्रचंड पदर आपल्या जागेवरून उचलला जाऊन दुसऱ्या खडकांवर जाऊन बसला आहे. स्कॉटलंडच्या कड्यांवर जी दृष्टि प्रथम कमावली गेली तीच येथें उपयोगास आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. रामटेकास जाणारे हजारों यात्रेकरू आणि सहलीस जाणारीं कुटुंबें ह्या भागांतून जातात. आजा नातवाच्या खांद्यावर बसलेला पाहण्यास त्यांस समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं.

मराठींत ह्या विषयावर सुबोध ग्रंथ व्हावा अशी इच्छा प्रदर्शित करून बहुतेक परीक्षणें संपतात. आमची इच्छा थोडी निराळी आहे. देवलापारच्या खडकांवर मराठींत कोणी लिहिलें तर सिद्धान्त आधीं सांगून खडक मागून दाखवूं नयेत. पीच-हॉर्नांप्रमाणें आधीं ओढ्यांत उतरावें. आणि पूर्वीं कोणाचें मत चुकलें, कोणी तें वेळेवर सांगितलें होतें, आणि त्याचें कोणी कां ऐकलें नाहीं, हेंही स्पष्ट लिहावें. पहिली गोष्ट प्रस्तुत ग्रंथापासून शिकण्यासारखी आहे. दुसरी त्याच्या उणिवेपासून.

ग्रंथ मोठा आहे, आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची शिफारस आम्ही कोणासही करीत नाहीं. ज्यांस तो मिळूं शकेल त्यांनीं प्रथम पूर्वसंशोधनाचा इतिहास वाचावा. मग छेदचित्रें उघडून ॲसिंटचा भाग संथपणें वाचावा. आणि नंतर एखाद्या सुटींत जवळचा घाट चढून, आपल्या पायाखालचे थर खरोखरच त्याच क्रमानें बसले आहेत काय, हें स्वतःच्या डोळ्यांनीं तपासावें. सह्याद्रींत बहुधा ते तसेच सांपडतील. तरीही तपासावें.